शनिवारचा रिकामा रकाना : शाळेच्या बागेत निरीक्षण आणि मोजमाप



मी दिवसा शाळेत विज्ञान शिकवते आणि आठवड्यातून एक संध्याकाळ आपल्या मराठी वर्गात येते. या वेळच्या पुस्तिकेत बागेविषयी लिहा, असे मला सांगितले तेव्हा मला पहिल्यांदा माझी स्वतःची चूक आठवली. तिथूनच सुरुवात करते.

काही वर्षांपूर्वी बेअर शेवाच्या एका शाळेत आम्ही मुलांसोबत छोटी बाग केली. हेश्वान महिन्यात मेथी, कोथिंबीर आणि मुळा पेरला. मेथी इथल्या मुलांना नवी नव्हती. आपल्या घरी तिची भाजी होते आणि शेजारच्या येमेनी घरांत तिच्याच दाण्यांचे हिल्बे होते. मुले रोज सकाळी आठ वाजता रोपांची उंची मोजून वहीत लिहीत. रविवार ते शुक्रवार रकाने भरत आणि शनिवारचा रकाना रिकामा राही. मला ते बरे दिसेना. मी मुलांना म्हटले, "शुक्रवार आणि रविवार यांच्या मधला आकडा काढा आणि शनिवारी लिहून टाका." मुलांनी तसे केले. तक्ता छान भरलेला दिसू लागला.

तू बिश्वातला आम्ही वह्या मांडल्या आणि घरच्यांना बोलावले. आपल्या समाजातले एक आजोबा चष्मा लावून एक एक पान बघत होते. एका ठिकाणी बोट ठेवून त्यांनी शेजारच्या मुलाला विचारले, "बाळा, शब्बाथच्या दिवशी हे कोणी मोजलं?"

मुलगा माझ्याकडे बघू लागला. मी गप्प. कोणीच मोजले नव्हते. लिहिणे शब्बाथला वर्ज्य, शाळाही बंद. म्हणजे वही दोनदा खोटे बोलत होती. न पाहिलेले पाहिले असे सांगत होती, आणि न मोडलेला शब्बाथ मोडला असेही सांगत होती. आजोबा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "जे बघितलं नाही ते लिहू नये, बाई. रिकामं ठेवलं तर लाज कसली?"

विज्ञानाचा पहिला धडा हाच आहे, आणि तो मला त्या दिवशी नव्याने शिकावा लागला.

मधला आकडा का चालत नाही?

घरी गेल्यावर मी वही पुन्हा उघडली. एका आठवड्यात शुक्रवारी मेथी ८ सेंटिमीटर होती आणि रविवारी ५. त्या शनिवारी शरव, म्हणजे वाळवंटावरून येणारा कोरडा गरम वारा सुटला होता आणि रोपांनी माना टाकल्या होत्या. आम्ही शनिवारी लिहिले होते साडेसहा. तो आकडा वाचणाऱ्याला वाटेल की रोपे दोन दिवस हळूहळू वाकत गेली. खरे तर ती शनिवारी सकाळपर्यंत ताठ असतील आणि दुपारी तासाभरात कोसळली असतील. आम्हाला ठाऊक नव्हते. रिकामा रकाना निदान "इथे काय झाले?" असा प्रश्न तरी विचारतो. भरलेला रकाना तो प्रश्नच पुसून टाकतो.

निरीक्षण म्हणजे काय?

बघणे आणि निरीक्षण करणे यांत फरक आहे. "रोप खूश दिसते" हे निरीक्षण नाही. "खालची दोन पाने पिवळी, वरची चार हिरवी, माती बोटभर खोल ओली" हे निरीक्षण. आधी जे दिसले ते लिहायचे. ते का झाले असेल याचा अंदाज वेगळ्या ओळीत लिहायचा. दोन्ही एकत्र केले की पुढे कोणते पाहिलेले आणि कोणते वाटलेले हे कळत नाही.

नीट बघितल्याने काय होते याचे उदाहरण आमच्या शहराजवळच आहे. सिम्हा ब्लास नावाचे पाण्याचे इंजिनियर होते. सांगतात की १९३०च्या दशकात त्यांना एका ओळीतले एकच झाड शेजारच्या झाडांपेक्षा बरेच मोठे दिसले. वरून पाणी दिसत नव्हते. खाली शोधल्यावर नळाच्या जोडातून थेंब थेंब पाणी गळताना सापडले. वरची माती कोरडी, पण मुळांपाशी ओल! तिथून जाणारे लोक ते झाड रोज बघत असतील. ब्लास यांना ते इतरांहून वेगळे का, हा प्रश्न पडला. पुढे प्लास्टिकच्या नळ्या आल्या आणि १९६५ मध्ये बेअर शेवाजवळच्या हात्सेरिम किब्बुत्झमध्ये नेटाफिम कंपनी सुरू झाली. आज महाराष्ट्रातला द्राक्षाचा आणि केळीचा शेतकरी ज्याला ठिबक म्हणतो, ते हेच तंत्र.

कोणाची वीत?

मोजण्यासाठी आपल्या आजी-आजोबांकडे वीत, हात, चिमूट, ओंजळ अशी मापे होती. तनाखमध्येही तीच आहेत. झेरेत म्हणजे वीत आणि अम्मा म्हणजे हात. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात गल्याथाची उंची सहा हात आणि एक वीत दिली आहे.

वर्गात एकच बाक सगळ्यांना वितीने मोजायला सांगा. कोणाची नऊ वीत भरेल, कोणाची अकरा. बाक तोच, हात वेगळे. म्हणून सर्वांसाठी एकच पट्टी लागते. पण वीत टाकून देऊ नका. तुमची वीत किती सेंटिमीटर आहे हे एकदा पट्टीवर पाहून ठेवा. मग पट्टी विसरलात तरी अंदाजाचे माप तुमच्या हाताशी आहे.

रोप कसे मोजावे?

हे सोपे वाटते, पण भांडणे इथेच होतात. म्हणून आम्ही चार नियम केले.

१. रोपाशेजारी एक काडी रोवायची आणि तिच्यावर मातीच्या पातळीशी खूण करायची. पाणी घातल्यावर माती खचते. काडीवरची खूण हलत नाही. उंची त्या खुणेपासून शेंड्यापर्यंत. पान हाताने ताणून उंची वाढवायची नाही.

२. सगळ्यात सुंदर रोप निवडायचे नाही. ओळीतले दर पाचवे रोप घ्यायचे, मग ते मरतुकडे का असेना. दहा रोपे मोजली की सरासरी काढायची, आणि सगळ्यात लहान व सगळ्यात मोठे माप तिच्याशेजारी लिहायचे. नुसत्या सरासरीत मरतुकडे रोप लपून जाते.

३. दोघांनी वेगवेगळे मोजायचे आणि नंतर आकडे ताडून बघायचे. फरक आला तर खोडायचे नाही, पुन्हा मोजायचे. जुना आकडा एका रेघेने कापायचा, म्हणजे तो वाचता आला पाहिजे.

४. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एका ओळीला रोज एक लिटर पाणी आणि दुसरीला दोन लिटर द्यायचे असेल तर बी, माती, ऊन आणि पेरणीचा दिवस सारखेच हवेत. नाहीतर फरक पाण्याने पडला की उन्हाने, हे सांगता येणार नाही.

पाऊस मोजू या

दीड लिटरची सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्या. वरचा निमुळता भाग कापा आणि उलटा करून नरसाळ्यासारखा त्याच बाटलीत बसवा. तळ खालीवर असतो, म्हणून आत थोडे खडे टाका आणि बाटलीच्या सरळ भागापर्यंत पाणी भरा. त्या पाण्याच्या पातळीला शून्याची खूण करा. तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. बाटली भिंतीपासून आणि झाडांपासून दूर, उघड्यावर, खुंटीला बांधून ठेवा. वाचताना डोळा पाण्याच्या पातळीला आणा. उभ्याने वरून बघितले तर आकडा चुकतो. वाचून झाले की पाणी पुन्हा शून्यावर आणा.

आता गंमत बघा. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटर जमिनीवर १ लिटर पाणी. वाफा २ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद असेल तर तो ३ चौरस मीटर झाला. ४ मिलिमीटर पाऊस पडला, तर आकाशाने वाफ्याला १२ लिटर पाणी दिले. त्या दिवशी झारी भरायची की नाही हे आता बाटली सांगेल.

बेअर शेवाला वर्षाला साधारण २०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपले पूर्वज ज्या अलिबागकडे राहिले तिथे दोन हजारांच्या वर पडतो. आजी म्हणते, "तिकडे पाऊस, इकडे नुसता शिडकावा." आजीचे म्हणणे आकड्यांत मांडले तर ते दहा पट भरते.

मग शनिवारचे काय?

आजोबांच्या प्रश्नानंतर आम्ही मुलांपुढेच हा प्रश्न ठेवला. शब्बाथ मोडायचा नाही आणि खोटेही लिहायचे नाही. मग काय करता येईल?

मुलांनी शोधून काढले की काही गोष्टी आपली वाट बघतात आणि काही बघत नाहीत. पाऊस बाटलीत साठून राहतो. रविवारी वाचलेला आकडा शुक्रवार सकाळपासूनचा, दोन दिवसांचा एकत्र पाऊस असतो. तो तसाच लिहायचा : "दोन दिवस मिळून." त्याचे दोन सारखे भाग करायचे नाहीत. कमाल-किमान तापमापकही थोडे लक्षात ठेवतो. दोन दिवसांतले सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी तापमान दाखवतो, पण ते कोणत्या दिवशीचे हे सांगत नाही. रोपाची शनिवारची उंची मात्र गेली ती गेली. तिथे रकाना रिकामा ठेवायचा आणि शेजारी लिहायचे : "शब्बाथ, मोजले नाही."

एक अडचण उरली. दोन दिवसांत उन्हाने बाटलीतले थोडे पाणी उडून जाते. त्यावर उपाय म्हणजे तेल. शुक्रवारी सकाळी वाचन झाल्यावर पाणी शून्यापर्यंत आणायचे, वर गोड्या तेलाचे काही थेंब टाकायचे आणि तेलासकट पातळी कुठे आली ते लिहून ठेवायचे. तेल पाण्यावर तरंगते आणि पाणी उडू देत नाही. पाऊस जड, तो तेलाखाली जातो. जिथे पर्जन्यमापक बरेच दिवसांनी वाचला जातो, तिथे हवामानाच्या नोंदी ठेवणारेही तेलाचा असा थर वापरतात.

हे ऐकून एक आजी हसत सुटल्या. कोकणात आपल्या लोकांना शनिवार तेली म्हणत, कारण आपण तेलाचे घाणे चालवायचो आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचो. "बघा," त्या म्हणाल्या, "शनिवार पाळायला शेवटी तेलच कामाला आलं!"

आजी-आजोबांसाठी काम

आपल्या वडीलधाऱ्यांकडे निरीक्षणांचा साठा आहे. मुंग्या अंडी घेऊन वर निघाल्या की पाऊस, पावशा ओरडला की पेरणी. इथे इस्राएलमध्येही लोक म्हणतात की उंच पांढऱ्या तुऱ्याचा हत्साव फुलला की उन्हाळा सरत आला. मुलांनो, यांना हसू नका आणि डोळे मिटून खरेही मानू नका. आजीचे भाकीत तारीख घालून वहीत लिहा आणि पुढे काय झाले ते शेजारी लिहा. बरोबर आले तेही, चुकले तेही. आपल्याला खरे ठरलेले तेवढे लक्षात राहते. वही दोन्ही लक्षात ठेवते.

तू बिश्वातला आपण एलियाहू हन्नाबीचा मलिदा करतो तेव्हा या वर्षी ताटाजवळ तुमच्या वह्याही ठेवा. त्यांत शनिवारचे रकाने रिकामे असतील. कोणी विचारले तर ताठ मानेने सांगा की ते का रिकामे आहेत.

घरी करून पाहा

एका कुंडीत मेथीचे वीस दाणे पेरा. पहिला कोंब कोणत्या दिवशी दिसला? दहाव्या दिवशी वीसपैकी किती उगवले? आजी किंवा आजोबांना आधी अंदाज विचारा, तो लिहा आणि मग मोजा.

लक्षात ठेवायचे शब्द

निरीक्षण – लक्षपूर्वक पाहून जसे आहे तसे टिपणे
अंदाज – मोजण्याआधी बांधलेला तर्क
माप – सर्वांना सारखे लागू होणारे परिमाण
सरासरी – सगळ्या मापांची बेरीज भागिले मापांची संख्या
नोंद – तारीख, वेळ आणि मोजणाऱ्याचे नाव असलेले लिखाण
रकाना – तक्त्यातला उभा भाग. कधीकधी रिकामाच बरा