शुद्ध पाणी कशाला म्हणावे?

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी तळ्यात शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून ते ‘शुद्ध’ केले! इतिहासाच्या तासाला आम्ही विचारतो : मग तळे दूषित कोणी केले?

उत्तर सूक्ष्मजीवशास्त्र देते. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्यात पटकीचे जिवाणू रुग्णांच्या आतड्यांत आणि तळ्याच्या पाण्यातही आढळले. पटकी, विषमज्वर, हगवण यांचे जंतू विष्ठेवाटे पाण्यात आणि पाण्यावाटे पोटात जातात. त्यांना जात ठाऊक नसते. परंतु ज्यांच्या वाट्याला समाजाने डबके ठेवले, त्यांच्या घरी ते आधी पोहोचतात.

आपल्या पालघरच्या भातखाचरांत उंदरांच्या मूत्रातील लेप्टोस्पायराचे जिवाणू पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. म्हणून जखम झाकावी, तापास घरगुती उपचारांवर ठेवू नये. पिण्याचे पाणी उकळावे. मात्र उकळल्याने जंतू मरतात, रसायने जात नाहीत. म्हणून बोईसर-तारापूरच्या कारखान्यांलगतच्या कूपनलिकांचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे.

१९३७ मध्ये उच्च न्यायालयाने तळ्यावरील आपला हक्क मान्य केला. पाणी निर्मळ असावे, हा आग्रह त्याच हक्काचा उत्तरार्ध होय.