लव्हेंडर : लाडानं मरणारं झाड

रोपवाटिकेतून हौसेनं आणलेलं लव्हेंडर पहिल्याच पावसाळ्यात काळं पडतं आणि दोष हवेला दिला जातो. बऱ्याचदा खरं कारण कुंडीत तुंबलेलं पाणी असतं.

गैरसमज : सावली आणि भरपूर पाणी हवं.
वस्तुस्थिती : लव्हेंडर मूळचं भूमध्य समुद्राभोवतालच्या कोरड्या, खडकाळ डोंगरउतारांवरचं. त्याला रोज सहा ते आठ तास थेट ऊन लागतं. मुळं सतत ओली राहिली की बुरशी धरते आणि झाड कुजतं. म्हणून वरची माती सुकल्यावरच पाणी घालावं.

गैरसमज : खत वाढवलं की फुलं वाढतात.
वस्तुस्थिती : नत्र जास्त झालं की फांद्या लुसलुशीत वाढतात, फुलं रोडावतात. निम्मी माती, निम्मी जाडसर वाळू आणि मूठभर कंपोस्ट पुरे. सामू ६.५ ते ७.५ असावा. शेणखताचा थर टाळावा.

गैरसमज : बी पेरलं की हुबेहूब तेच झाड मिळतं.
वस्तुस्थिती : बियांची रोपं मूळ झाडापेक्षा वेगळी निघू शकतात. पेरण्याआधी बी ओलसर वाळूत घालून तीन-चार आठवडे फ्रिजमध्ये ठेवलं तर उगवण सुधारते. लव्हॅन्डिन या संकरित प्रकाराला तर रुजणारं बी धरतच नाही. फ्रान्समधली ‘ग्रोसो’ या वाणाची शेतं छाट कलमांवरच उभी आहेत. घरीही तेच करावं. पाऊस ओसरल्यावर फूल नसलेली आठ-दहा सेंटिमीटरची फांदी कापावी, खालची पानं काढून ती वाळू आणि कोकोपीटच्या मिश्रणात खोचावी. चार ते सहा आठवड्यांत मुळं फुटतात.

गैरसमज : छाटणी जितकी खोल, तितकी फूट दाट.
वस्तुस्थिती : पानं नसलेल्या जुन्या लाकडातून सहसा नवी फूट येत नाही. फुलं सरल्यावर हिरवा भाग शिल्लक ठेवूनच छाटावं.

गैरसमज : महाराष्ट्रात लव्हेंडर होतच नाही.
वस्तुस्थिती : जम्मूच्या भदरवाहमध्ये पिकणारं ‘इंग्लिश’ लव्हेंडर थंड डोंगरी हवेतलं, आपल्या दमट उकाड्यात ते तगवणं कठीण. दातेरी पानांचं लॅव्हेंड्युला डेंटाटा त्या मानानं सोसतं. जूनपासून त्याची कुंडी पावसाच्या आडोशाला, पण उजेडात आणि खेळत्या हवेत ठेवावी. शिवाय याच कुळीतली लॅव्हेंड्युला बायपिनाटा आणि लॅव्हेंड्युला गिब्सोनी सह्याद्रीत रानोमाळ फुलतात. गिब्सोनी पश्चिम घाटाबाहेर आढळत नाही, त्यामुळे हौसेपोटी तिची रोपं उपटून घरी आणू नयेत.