सव्वा मूठ गहू आणि एक वाकडा टाका

सुया, लोकर आणि एक प्रेत. एवढ्या भांडवलावर इंग्रजीत गेली तीस वर्षं अख्खा ग्रंथव्यवहार चालला आहे. लहानसं गाव, गावात भरतकामाच्या सामानाचं दुकान, दुपारी तिथे जमणाऱ्या बायका. त्यांच्यातल्याच कुणाचा तरी खून होतो, पोलीस भलत्यालाच धरतात आणि हातची सुई खाली न ठेवता दुकानाची मालकीण खरा गुन्हेगार शोधून काढते. रक्त पानावर सांडत नाही. कथा संपली की मागच्या पानांवर बहुधा टाक्यांचा नमुना असतो, नाहीतर एखादी पाककृती. अर्लिन फाउलरची ‘फूल्स पझल’ १९९४ची. तिच्या पुस्तकांना नावंच गोधडीच्या नक्षींची. मोनिका फेरिसची ‘क्रूएल वर्ल्ड’ १९९९ची, मॅगी सेफ्टनची ‘निट वन, किल टू’ २००५ची. पुढे रांगच लागली.

जाणकार मंडळी या प्रकाराला नाकं मुरडतात. मुरडावीत अशी पुस्तकं त्यात आहेतही. चिमुकल्या गावात वर्षाला दोन-तीन मुडदे पडतात आणि तरी कुणी घर विकून निघून जात नाही! मग लोक हे वाचतात का? ‘विरंगुळा’ हे नेहमीचं उत्तर मला अपुरं वाटतं. खून इथे निमित्तापुरता असतो. हाताच्या जाणकारीला पुरावा म्हणून मान मिळतो, त्यात खरी मौज आहे. जन्मभर ‘रिकामपणचा उद्योग’ म्हणून हिणवलेलं काम शेवटच्या प्रकरणात फौजदाराला गप्प बसवतं.

अगाथा ख्रिस्तीने हे आधीच ओळखलं होतं. तिची मिस मार्पल १९२७ साली एका लघुकथेतून पहिल्यांदा आली ती विणकाम घेऊनच. मऊ पांढऱ्या लोकरीचं काहीतरी विणत बसलेल्या या म्हातारीला भाच्याची शहाणी मित्रमंडळी खिजगणतीत धरत नाहीत. विणणाऱ्या बाईसमोर लोक निर्धास्त बोलतात, कारण तिचं लक्ष टाक्यांत आहे असा त्यांचा समज. ज्यांनी सुलट-उलट घातलंय त्यांना ठाऊक आहे की साधी वीण बसली की हात आपले आपण चालतात आणि कान मोकळेच राहतात.

या सगळ्या प्रकाराची खरी आजी मात्र मला सुझन ग्लास्पेल वाटते. १९०० साली अमेरिकेतल्या आयोवात जॉन हॉसॅक नावाच्या शेतकऱ्याचा रात्री अंथरुणातच कुऱ्हाडीने खून झाला आणि आळ बायकोवर आला. ग्लास्पेल तेव्हा वार्ताहर होती. त्या खटल्याच्या बातम्या तिनेच दिल्या. तो विषय डोक्यात घोळत राहिला आणि १९१६ साली त्यातून ‘ट्रायफल्स’ ही एकांकिका झाली. तीत सरकारी वकील आणि शेरीफ पुरावा हुडकत घरभर फिरतात. खाली स्वयंपाकघरात दोन बायकांना आरोपी बाईची अर्धवट गोधडी सापडते. सगळीकडे टाके एकसारखे, नेटके. एका तुकड्यावर मात्र हात पार भरकटलेला. त्या बाईच्या मनाचा तोल केव्हा गेला, ते त्या तुकड्यावर उमटलेलं असतं. पुरुष गोधडीची चर्चा ऐकून हसतात आणि पुढे जातात. त्या दोघी पुढे काय करतात ते इथे सांगत नाही; एकांकिका मिळवून वाचावी.

ती वाचताना मला आयोवा आठवत नाही, खानदेशातली धरणगाव आणि साक्री आठवतात. जळगावात उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, धुळ्यात थंडीतल्या काही रात्री तो एक आकडी होतो, आणि गोधडी दोन्ही वेळा लागते: मे महिन्यात गच्चीवर अंथरायला, डिसेंबरात पांघरायला. मुलूख कापसाचा, त्यामुळे सुती जुनेर घरोघरी. सारवलेल्या जमिनीवर जुनं लुगडं ताणून पसरायचं, त्यावर विटकी धोतरं, परकर, उसवलेले सदरे यांचे थर द्यायचे, वरून दुसरं लुगडं, आणि थर सरकू नयेत म्हणून आधी लांब टाक्यांनी टाचून घ्यायचं. मग कडेपासून धावदोरा घालत आत आत यायचं. दोघी-तिघी बसल्या तर प्रत्येकीची बाजू वेगळी, आणि हात लगेच ओळखू येतो. एकीचा टाका तांदळाएवढा, दुसरीचा हरभऱ्याएवढा, तिसरी दोरा इतका ओढते की कापडाला चुण्या पडतात. शिवाय प्रत्येक तुकड्याला वंशावळ असते. हा बारशाचा खण, ही आतेसासूची साडी, हा मास्तर असलेल्या दिरांचा सदरा. पंचनाम्यात ‘एक जुनी गोधडी’ एवढीच नोंद होईल. घरातली आजी ती मांडीवर घेऊन सांगेल की यातला जांभळा तुकडा आपल्या घरातला नाही. मग तो कुणाच्या घरातला, हीच कादंबरी.

ही कादंबरी मराठीत आजवर चुकूनच दिसते. रहस्यकथा आपल्याकडे काही कमी झाल्या नाहीत. बाबूराव अर्नाळकर गिरगावात चष्म्याचं दुकान सांभाळत हजारावर पुस्तकं लिहून गेले. त्यांचे झुंजार, धनंजय आणि काळा पहाड, गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप, सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद, सगळे पुरुष आणि सगळे धडाडीचे. जळगावच्या व. वा. वाचनालयाची स्थापना १८७७ची. धुळ्यात गरुड वाचनालय. अशा वाचनालयांतून पिवळ्या पानांची ही पुस्तकं घरी यायची आणि त्याच पिशवीत बायकांसाठी ‘स्त्री’ नाहीतर ‘माहेर’. भरतकामाचे, विणकामाचे नमुने मासिकांत, खून पुस्तकात. घरातली बाई दोन्ही वाचायची, झुंजार जरा लपवून. लिहिणाऱ्याच्या टेबलावर मात्र हे दोन गठ्ठे एकत्र आले नाहीत.

कारण मला असं दिसतं की मराठी लेखकाने बायकांच्या हातकामाकडे कधी कौतुकाने पाहिलं, कधी कणवेने. ज्ञान म्हणून फारसं पाहिलंच नाही. लग्नातलं रुखवत आठवा. ‘छान, छान’ म्हणत वऱ्हाडी पाच मिनिटांत पुढे सरकतात. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) याला अपवाद. पाखराच्या घरट्याकडेही त्यांनी कारागिराच्या डोळ्यांनी पाहिलं. पण त्या कवयित्री. त्यांच्याकडून खुनाचा तपास कशाला मागायचा?

प्रत्यक्षात तपास घराच्या आत शिरूनच लागतो, हे रजनी पंडित यांनी दाखवलं. महाराष्ट्रातल्या या आद्य महिला गुप्तहेरांनी एका खुनाचा छडा लावण्यासाठी संशयित बाईच्या घरी मोलकरीण म्हणून काम केलं. आणि बारकाव्यांवरून सत्य काढायची परंपरा खानदेशाला परकी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगावची दप्तरं धुंडाळत अखेर धुळ्यात राहिले, ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच गेले, आणि लगेच पुढच्या वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं. कागद कोणता, शाई कोणती, वळण कुणाचं, यावरून अस्सल-नक्कल ठरवणं म्हणजे हेरगिरीच. ते कागदही कापडाच्या रुमालात बांधलेले, हे जाता जाता.

मला कुणी असली कादंबरी लिहायला बसवलं, तर मी ती खानदेशातल्या कानबाई या देवीच्या उत्सवात घडवीन. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. सुरत, पुणे, मुंबईला पांगलेली भाऊबंदकी एका घरात गोळा होते. प्रसादाचे रोट कुळातल्यांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. संशयितांना एकत्र कोंडायला ख्रिस्तीला बर्फात अडकलेली आगगाडी लागली. आपल्याकडे देवीच दारं लावून घेते. रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायची रीत आहे. समजा, गहू मोजणाऱ्या थोरल्या काकूंनी नावं पुटपुटत मुठी टाकल्या आणि बाजूला निवडत बसलेल्या धाकट्या सुनेच्या लक्षात आलं की एक वाटा जास्त पडलाय. घरात पुरुष अकरा, वाटे बारा. बारावा माणूस वीस वर्षांपूर्वी तापीत बुडाला, असं सगळं गाव सांगतं. काकू मोजण्यात चुकत नाहीत.

पिस्तूल लागत नाही, कॅप्टनही लागत नाही. फौजदार दुसऱ्या दिवशी येईल, चहा घेईल आणि सगळ्या पुरुषांचे जबाब लिहून नेईल. सुनेने तोवर माळ्यावरच्या गोधड्या उन्हात घालायच्या निमित्ताने एकेक उलगडून पाहिलेल्या असतील.

प्रथेप्रमाणे शेवटच्या पानावर नमुना हवाच. रोटांचं प्रमाण छापता येणार नाही, ते घराघराचं वेगळं आणि ज्याच्या-त्याच्या कुळापुरतं. गोधडीचं छापावं: वरखाली दोन सुती लुगडी, आत मावतील तेवढे जुने कपडे, जाड दोरा, मोठ्या नाकाची सुई. सदरा कुणाचा आहे हे विचारून घ्यावं.