‘पुढे न्या’ म्हणणारा डॉक्टर
(सरकारी दवाखाना समजून घेताना : भाग 5)

ग्रामीण रुग्णालयात काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे मागच्या भागात पाहिलं. जे मिळत नाही त्याचा राग कुणावर निघतो, ते आज पाहू.

यावलसारख्या तालुक्याच्या गावी रात्री डोक्याला मार लागलेला माणूस आणला, तर ड्युटीवरचा डॉक्टर रक्त थांबवतो, श्वास मोकळा ठेवतो, सलाईन लावतो आणि सांगतो, ‘लगेच जळगावला न्या.’ सातपुड्यातल्या पाड्यावरून मिळेल त्या गाडीने आलेल्या नातेवाइकांना वाटतं, याने हात झटकले. माझ्या मते भांडणाची ठिणगी बऱ्याचदा इथेच पडते.

आपल्या खानदेशातच हे घडलं आहे. मार्च 2017 मध्ये धुळ्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अपघातातला एक रुग्ण आला. डोक्याला जबर मार होता आणि तिथे न्यूरोसर्जन नव्हता. अस्थिरोग विभागातल्या तरुण निवासी डॉक्टरने रुग्णाला दुसरीकडे न्यायला सांगितलं. जमावाने त्याला इतकं मारलं की त्याचा डोळा कायमचा जायची वेळ आली. राज्यभरातले निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, प्रकरण उच्च न्यायालयात पोचलं, सरकारने 1,100 सुरक्षारक्षक देण्याचं कबूल केलं. मार खाणाऱ्याच्या हातात न्यूरोसर्जनची नेमणूक नव्हती. ती ज्यांच्या हातात होती, त्यांच्यापर्यंत जमाव पोचलाच नाही.

कवटीच्या आत रक्त साकळलं की मेंदूवर दाब वाढत जातो. सीटी स्कॅन नाही, शस्त्रक्रिया करणारा नाही, अशा ठिकाणी रुग्णाला ठेवून घेणं हीच खरी हयगय. वेळेवर पुढे पाठवणं हा उपचारच आहे. मात्र तो दोन मिनिटं काढून, घरातल्या एका जाणत्या माणसाला बाजूला घेऊन समजावला पाहिजे. नुसती चिठ्ठी हातात कोंबणं चूकच.

डॉक्टरवर हात उचलणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात 2010 पासून स्वतंत्र कायदा आहे. डॉक्टर, परिचारिका, निमवैद्यकीय कर्मचारी अशा सगळ्यांना तो संरक्षण देतो. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. 3 वर्षांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड आणि फोडलेल्या यंत्राच्या खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाई. ती भरली नाही तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. आपल्या भागातल्या केळीच्या बागायतदाराला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

पण कायदा मारहाणीनंतर येतो. रिकाम्या जागा भरणं, रात्री दाराशी रक्षक ठेवणं हे सरकारचं काम आहे आणि ते आपण आमदारांकडे, जिल्हा परिषदेत ठणकावून मागायला हवं. डॉक्टरचं चुकलं असं वाटलं तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी तक्रार करा, वैद्यकीय परिषदेकडे जा, ग्राहक आयोगात जा. आणि डॉक्टर ‘पुढे न्या’ म्हणाला, तर वाद घालू नका. चिठ्ठी घ्या, काय औषध दिलं ते तिच्यावर लिहून मागा, 108 बोलवा आणि निघा.