‘अंगावरून जाते’ म्हणजे काय, डॉक्टर?

गिरडच्या बाजूच्या एखाद्या गावातली पन्नाशीची बाई कापूस वेचणीची मजुरी बुडवून दवाखान्यात येते. टेबलापलीकडे नवा, परप्रांतातून आलेला डॉक्टर असतो. बाई खाली मान घालून एवढेच म्हणते, ‘‘महिना झाला, अंगावरून जाते.’’ मराठी घरात वाढलेल्या डॉक्टरला लगेच कळते की ती योनीमार्गातून होणाऱ्या स्रावाबद्दल बोलते आहे. तो पुढचा प्रश्न विचारतो : लाल की पांढरे? पाळी बंद होऊन किती वर्षे झाली? कारण पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त जाणे हे गर्भाशयाच्या कर्करोगाचे लक्षण असू शकते. मराठी नुकतीच शिकलेल्या डॉक्टरला ‘अंग’ कळते, ‘जाते’ही कळते, पण आजार कळत नाही. अशा वेळी लोहाच्या गोळ्या देऊन बाईला परत पाठवले, तर मोलाचे महिने हातचे जातात.

समुद्रपूर तालुक्यात, किंबहुना साऱ्या विदर्भात, असे शब्द पावलोपावली भेटतात. ‘दिवस गेले’ म्हणजे गर्भ राहिला. ‘अंग बाहेर येते’ म्हणजे गर्भाशय खाली सरकले. ‘छातीत कळ येते’ यातला ‘ळ’ हिंदी कानाला ‘ल’ वाटतो आणि वेदनेची ‘कळ’ हरवते. ‘जुलाब’ हा शब्द तर जास्तच फसवा आहे. मराठीत जुलाब म्हणजे पातळ शौचाला होणे, तर हिंदीत जुलाब म्हणजे पोट साफ करण्यासाठी घेतलेले रेचक. ‘जुलाबाचे औषध द्या’ या वाक्याचे दोन भाषांत दोन उलट अर्थ होतात. त्यात ‘मले घेरी येते’, ‘काऊन बरं वाटत नाही?’ ही वऱ्हाडी बोली पुस्तकी मराठी शिकलेल्यालाही नवीच असते.

यात डॉक्टरांचा दोष नाही. शासकीय महाविद्यालयांतल्या एमबीबीएसच्या १५ टक्के आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या ५० टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. १९६९ साली सुरू झालेल्या सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातही देशभरातून विद्यार्थी येतात. ही मुले नसती तर अनेक ठिकाणची बाह्यरुग्ण सेवा अडली असती. प्रश्न एवढाच आहे की रुग्णापुरती मराठी त्यांना आली की नाही, हे तपासायचे कसे?

२०१९च्या नव्या वैद्यकीय अभ्यासक्रमात सुरुवातीच्या पायाभूत वर्गात भाषा आणि संगणक कौशल्यांसाठी मिळून ४० तास ठेवले गेले. स्थानिक भाषा त्यात आली, ही चांगली गोष्ट झाली. पण शिकवणे वेगळे आणि आले की नाही हे मोजणे वेगळे. राज्य शासनाच्या सेवेतल्या अमराठी अधिकारी-कर्मचाऱ्यांसाठी १९८७च्या नियमांनुसार मराठी भाषा परीक्षा आहे. तिचा रोख मात्र कार्यालयीन कामकाजावर आहे. टिप्पणी नीट लिहिणाऱ्याला ‘अंगावरून जाते’ कळेलच असे नाही.

चूक किती महाग पडते?

१९८० साली अमेरिकेतल्या फ्लोरिडात १८ वर्षांच्या एका मुलाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणले. घरच्यांनी ‘इंटॉक्सिकाडो’ हा स्पॅनिश शब्द वापरला. काहीतरी खाण्यात येऊन बाधले, असे त्यांना म्हणायचे होते. डॉक्टरांनी अर्थ घेतला, अमली पदार्थांचे अतिसेवन. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होत होता. उपचाराला उशीर झाला आणि मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले.

दुभाषा असला म्हणजे सारे निभावते असेही नाही. २००३ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात स्पॅनिशभाषक मुलांच्या १३ तपासण्यांचे ध्वनिमुद्रण तपासले गेले. प्रत्येक तपासणीत दुभाष्याच्या सरासरी ३१ चुका निघाल्या आणि एकूण चुकांपैकी ६३ टक्के उपचारावर परिणाम करू शकणाऱ्या होत्या. प्रशिक्षित दुभाष्यांच्या बाबतीत हे प्रमाण ५३ टक्के होते, तर ऐनवेळी धरून आणलेल्यांच्या बाबतीत ७७ टक्के. आपल्याकडे तर दुभाषा म्हणजे बहुतेक वेळा नातेवाईक, नाहीतर शेजारच्या खाटेवरचा रुग्ण. सासूसमोर ‘अंगावरून जाते’ हे सुनेच्या तोंडून निघणेच कठीण.

थर्मामीटरही तपासावा लागतो

जर्मनीत परदेशी डॉक्टरांची खास वैद्यकीय भाषेची परीक्षा होते. त्यात वीस-वीस मिनिटांचे तीन भाग असतात : रुग्णाशी संवाद, त्याची लेखी नोंद आणि सहकारी डॉक्टरला दिलेली माहिती. ब्रिटनमध्ये २०१४ पासून युरोपातून येणाऱ्या डॉक्टरांकडेही इंग्रजीचा पुरावा मागितला जाऊ लागला.

पण अशी परीक्षा कुणी टेबलावर बसून एका दुपारी लिहू शकत नाही. थर्मामीटर वापरण्याआधी तो खरेच ताप मोजतो का आणि दोघांनी लावला तरी तोच आकडा दाखवतो का, हे पाहावे लागते. परीक्षेचेही तसेच. दोन परीक्षकांनी एकाच उमेदवाराला सारखे गुण द्यायला हवेत आणि उत्तीर्ण झालेला डॉक्टर खरोखर रुग्णाचे बोलणे समजून घेणारा हवा. हे तपासणे म्हणजे संशोधन आणि संशोधनाला पैसा लागतो.

ऑस्ट्रेलियात आरोग्यसेवकांसाठी इंग्रजीची स्वतंत्र परीक्षा आहे. तिथल्या संशोधन परिषदेच्या अनुदानातून मेलबर्न विद्यापीठात एक अभ्यास झाला. अनुभवी डॉक्टर-प्रशिक्षकांना रुग्णसंवादाची चित्रणे दाखवून, यात चांगले काय आणि वाईट काय, असे विचारले गेले. त्यांचे लक्ष व्याकरणापेक्षा वेगळ्याच गोष्टींकडे होते. डॉक्टर रुग्णात मन घालतो का? संभाषणाला नीट वळण देतो का? पुढे २०१८ मध्ये त्या परीक्षेत रुग्णसंवादाचे निकष वेगळे तपासले जाऊ लागले. अनुदान नसते तर व्याकरणाचेच गुण मोजत बसण्याची वेळ आली असती.

इंग्रजीला असा पैसा सहज मिळतो. लाखो लोक शुल्क भरून परीक्षा देतात आणि परीक्षा घेणाऱ्या संस्था त्यातला काही भाग संशोधनाला देतात. आयईएल्ट्स चालवणाऱ्या संस्था १९९५ पासून असे अनुदान देत आल्या आहेत. समुद्रपूरच्या रुग्णाची भाषा तपासणाऱ्या परीक्षेतून कुणाला शुल्क मिळणार नाही. म्हणून तो खर्च सार्वजनिक पैशातूनच व्हायला हवा.

त्यासाठी दारे आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आहे, नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, राज्य मराठी विकास संस्था आहे. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात अमराठी लोकांना मराठी शिकवत आले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्या निमित्ताने येणाऱ्या पैशातला छोटा वाटा दवाखान्यातल्या मराठीकडे वळला तर तो सत्कारणीच लागेल.

काम अवाढव्य नाही. रुग्णांच्या संमतीने तपासणीतले संवाद मुद्रित करायचे. तक्रारींचे बोलीतले शब्द गोळा करायचे. गावातल्याच बायाबापड्यांना ‘रुग्ण’ म्हणून तयार करून त्यांच्यासमोर डॉक्टरची परीक्षा घ्यायची. गुण देणाऱ्यांत एक भाषातज्ज्ञ, एक डॉक्टर आणि एक आशा सेविका असावी. नापास झालेल्याचा परवाना अडवू नये, त्याला आणखी शिकवावे.

तोवर रुग्णांनी काय करावे?

तक्रार आडवळणाने न सांगता नेमकी सांगावी : कुठून, काय, किती दिवसांपासून. लाज वाटत असेल तर ताईंना, म्हणजे नर्सला किंवा आशा सेविकेला सोबत घ्यावे. लहान मुलाला दुभाषा करू नये. घरात घेत असलेली औषधे पिशवीत घालून आणावीत. आणि उठण्यापूर्वी ‘गोळी कधी, किती, जेवणाआधी की नंतर’ हे डॉक्टरांना स्वतःच्या शब्दांत परत सांगावे. डॉक्टरांनीही तसे सांगायला लावावे. या सवयीला एक पैसाही लागत नाही. मात्र ‘अंगावरून जाते’ हे पहिल्याच वेळी समजणारा डॉक्टर घडवायचा असेल, तर त्याची मराठी नीट मोजणारी परीक्षा हवी आणि तिच्यासाठी थोडा खर्च करावाच लागेल.