ससाही कंटाळतो

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांच्या हट्टापायी घरात ससा येतो. सोबत तारेचा पिंजरा, पाण्याची बाटली आणि गोळ्यांच्या खाद्याची पिशवी. पहिले पंधरा दिवस कौतुकाचे. शाळा सुरू झाली की पिंजरा बाल्कनीत सरकतो. 'काही त्रास नाही हो त्याचा, गप्प पडून असतो,' असे आल्यागेल्याला सांगितले जाते. घरातला कुत्रा असा दिवसभर कोपऱ्यात पडून राहिला, तर हीच माणसे त्याला डॉक्टरकडे नेतील. सशाच्या बाबतीत मात्र गप्प पडणे हा गुण ठरतो.

ससा हा शिकार होणारा प्राणी आहे. रानात जो दुबळा दिसतो तो आधी उचलला जातो. म्हणून दुखणे, भीती, कंटाळा यांतले काहीच ससा सहजी दाखवत नाही. त्याच्या गप्प बसण्यावरून तो सुखात आहे असे म्हणता येत नाही.

घरात पाळला जातो तो ससा मुळात स्पेन-पोर्तुगालकडचा. आपल्या माळरानावर, शेताच्या बांधावर दिसणारा लांब पायांचा ससा वेगळा. तो एकटा राहतो, बीळ खणत नाही आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याला पकडणे किंवा पाळणे गुन्हा आहे. पाळीव सशाचे पूर्वज मात्र जमिनीखाली बिळांचे जाळे करून कळपाने राहणारे. पहाटे आणि तिन्हीसांजेला बाहेर पडायचे, तासन् तास गवत कुरतडायचे, नवी बिळे खणायची, वास घेत हद्दीवरून फिरायचे, धोका वाटला की मागचा पाय जमिनीवर आपटून इतरांना सावध करायचे, हा त्यांचा दिनक्रम. माणसाने सशाचे रंग बदलले, कान लांब केले, वजन वाढवले. हा दिनक्रम काही त्याच्या डोक्यातून गेला नाही. वाटीत खाद्य मिळाले की दहा मिनिटांत त्याचे पोट भरते. उरलेल्या दिवसाचे त्याने करायचे काय?

मग तो पिंजऱ्याचे गज चावत बसतो. एकाच जागी खरवडत राहतो, स्वतःचे केस उपटतो, हात आत गेला की गुरगुरून अंगावर येतो. काही ससे यातले काहीच करत नाहीत, नुसते बसून जाड होतात. तारेच्या तळावर बसून तळपायांना जखमा होतात, हालचालीअभावी हाडे कमकुवत होतात, लघवीत चुन्याचा गाळ साठतो.

सगळ्यात मोठा धोका पोटाचा. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे आतडे मंदावते, हे घरोघरी माहीत असते. सशाचे आतडे त्याहून नाजूक. ते चालते राहायला सतत आत येणारा चोथा लागतो आणि अंगाची हालचाल लागते. ताण, भीती किंवा वेदना असली तरी ते मंदावते. मंदावले की वायू धरतो, पोट दुखते, दुखते म्हणून ससा खात नाही आणि खात नाही म्हणून आतडे आणखी थंडावते. सशाला उलटीही होत नाही. या फेऱ्यात एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. 'काल तर बरा होता' असे मालक म्हणतात, ते बहुतेक वेळा असे. म्हणूनच सशाची करमणूक हा हौसेचा नव्हे, तब्येतीचा प्रश्न आहे.

करमणूक म्हटली की लोक खेळणी शोधायला निघतात. खरे तर सुरुवात गवतापासून करावी. स्वीडनमध्ये १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पिंजऱ्यात एकेकट्या ठेवलेल्या सशांना गवत, गवताच्या वड्या, कुरतडायच्या काड्या आणि खोके अशा वेगवेगळ्या गोष्टी देऊन पाहिल्या होत्या. सशांनी काड्या आणि खोक्यांपेक्षा गवतात आणि वड्यांत जास्त लक्ष घातले. यात नवल नाही. सशाचे दात जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. चरबट गवत दळत राहिल्याने ते झिजतात, आतडे चालते आणि वेळही जातो. एकाच गोष्टीत तिन्ही कामे. रोज सशाच्या आकाराएवढा वाळल्या गवताचा ढीग हवा. गोळ्यांचे खाद्य चमचा-दोन चमचे पुरे. लसूणघासात कॅल्शियम भरपूर, त्यामुळे तो वाढत्या पिल्लांना ठीक. मोठ्या सशाला रोज नको. आणि गाजर म्हणजे सशाच्या हिशेबाने मिठाई. चित्रातला ससा काहीही खावो, घरातल्याला एखादी चकती पुरे.

पुढची पायरी म्हणजे खाणे शोधायला लावणे. ससा मागचेपुढचे, वरचे जवळजवळ सगळे पाहू शकतो, पण नाकासमोर अगदी जवळ असलेली वस्तू त्याला दिसत नाही. ती तो वासाने आणि मिशांनी हुडकतो. हे हुडकणे त्याला आवडते. गोळ्या वाटीत न देता गवतात विखराव्यात. पुठ्ठ्याच्या नळकांड्यात गवत कोंबून मध्ये पुदिन्याची दोन पाने लपवावीत. कोथिंबिरीची जुडी कपड्यांच्या चिमट्याने अशी टांगावी, की मागच्या पायांवर उभे राहावे लागेल. मक्याच्या कणसाची साल, गाजर-मुळ्याचा पाला, तुळस, जास्वंदीची पाने-फुले, दूर्वा हे सगळे चालते. गणपतीच्या आणि सशाच्या आवडीनिवडी बऱ्याच जुळतात म्हणायच्या. मात्र पाला धुतलेला हवा, फवारणीचा नको आणि नवा प्रकार एका वेळी एकच, थोडा. कांदा, लसूण, चॉकलेट वर्ज्य. बाल्कनीत कण्हेर असेल तर कुंडी त्याच्या तोंडापासून दूर हलवावी.

खणण्याची हौस भागवायला एखाद्या घमेल्यात स्वच्छ माती किंवा कागदाचे कपटे भरून ठेवावेत. नाहीतर तो सोफा खणतो आणि मार खातो. लपायला पुठ्ठ्याचा खोका उत्तम, पण त्याला दोन दारे हवीत. बिळाला नेहमी मागची वाट असते आणि एकच दार असलेल्या खोक्यात सशाला कोंडल्यासारखे वाटते. चिकटपट्टी आणि पिना आधी काढून टाकाव्यात. मातीचे मोठे मडके किंवा रुंद कुंडी आडवी ठेवली की भुयार तयार, तेही थंडगार. रंग न दिलेली बांबूची टोपली कुरतडायला द्यावी. सगळे एकदम मांडू नये. दोन-तीन वस्तू ठेवून दर चार-पाच दिवसांनी बदलाव्यात. जुनाच खोका आठवड्याने परत आला तरी त्याला तो नवा वाटतो.

जागेचा मुद्दा अडचणीचा, पण टाळता येत नाही. ब्रिटनमधली सशांच्या कल्याणासाठी काम करणारी संस्था तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि एक मीटर उंच एवढी जागा किमान मानते. वन रूम किचनमध्ये हे वाचून हसू येईल. पण पिंजरा फक्त झोपायच्या जागेपुरता, दारही उघडे, आणि सकाळ-संध्याकाळ दोन-तीन तास एक खोली मोकळी, एवढे बहुतेक घरांत जमते. सशाची चपळाईची वेळ आणि माणसांची घरी असण्याची वेळ योगायोगाने एकच आहे. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात, म्हणून सुती सतरंजी अंथरावी. चार्जरच्या आणि फ्रिजच्या वायरी आधी उचलाव्यात. सशाला ती मुळे वाटतात.

मुलांनी त्याला उचलू नये, जमिनीवर बसून त्याला जवळ येऊ द्यावे. उचलताना त्याने जोरात लाथ झाडली तर त्याचाच कणा मोडू शकतो. शिवाय वरून झडप घालून उचलणारा म्हणजे त्याच्या लेखी घारच.

माणसाने कितीही वेळ दिला तरी सशाला सशाची सोबत हवी असते. मात्र दोन नर भांडतात आणि नर-मादी एकत्र ठेवली तर महिन्याभरात पिल्ले. दोघांची नसबंदी करून, जाळीच्या अल्याड-पल्याड ठेवून, हळूहळू ओळख करून द्यावी. मादीला उतारवयात गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण मोठे असते, तेही या शस्त्रक्रियेने टळते. ससा आठ-दहा वर्षे जगतो, तेव्हा खर्चाचा हिशेब त्या मानाने करावा.

ससा शिकतोही. नावाला ओ देणे, ठरल्या कोपऱ्यात शू करणे, अडथळ्यावरून उडी मारणे हे सारे खाऊच्या लहानशा तुकड्यावर जमते. स्वीडनमध्ये १९७०च्या दशकापासून सशांच्या अडथळा शर्यती भरतात आणि तिथे सशांनी एक मीटरहून उंच उडी मारलेली आहे. एका वेळी पाच मिनिटे पुरे. चुकला तर रागावू नये.

विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात मात्र दुपारी खेळ बंद. सशाला माणसासारखा घाम येत नाही, उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर पडते, आणि तापमान तिशीच्या वर गेले की त्याचे हाल सुरू होतात. गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून जवळ ठेवावी, पत्र्याखालची बाल्कनी टाळावी.

दहा-बारा तास ससा खात नसेल, लेंड्या लहान, कोरड्या किंवा बंद झाल्या असतील, तर सकाळची वाट पाहू नये. लगेच पशुवैद्याकडे न्यावे. घरात मुलांसाठी आणलेले अमॉक्सिसिलिनचे सिरप चुकूनही पाजू नये. त्याने आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, घातक जिवाणू माजतात आणि ससा दगावतो. बरा असलेला ससा सहज ओळखता येतो. मोकळ्या खोलीत सोडल्यावर तो अचानक हवेत उडी मारून अंगाला पीळ देतो, नव्या खोक्याच्या कडेला हनुवटी घासून त्यावर आपला वास लावतो आणि कपाळावरून हात फिरवताना बारीक आवाजात दात वाजवतो.