‘साहेबांनी निधी आणला’ : एक गैरसमज

गावात शिरताना पाण्याच्या टाकीच्या कठड्याला बांधलेला फ्लेक्स दिसला. ‘यांच्या अथक प्रयत्नांतून मंजूर’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आणि त्याहून मोठा फोटो. टाकीच्या पायाशी, खांबावर, हातभर रुंदीची एक रंगवलेली पाटी होती. तिच्यावर कामाचं नाव, मंजूर रक्कम, ठेकेदाराचं नाव आणि शेवटी एक ओळ होती : ‘१५ वा वित्त आयोग, बंधित निधी’. पाटीच्या अर्ध्या भागावर टाकीतून ठिबकणाऱ्या पाण्याचे ओघळ उतरले होते.

त्या दिवशी ग्रामसभा होती. मागच्या रांगेतल्या एक आक्का उठून म्हणाल्या, ‘टाकी होऊन दोन वर्षं नाही झाली, खालून गळतीय. आमच्या आळीला पाणी चढत नाही.’ लगेच कुणीतरी म्हणालं, ‘आक्का, साहेबांनी निधी आणला म्हणून टाकी तरी झाली. फुकट मिळालेल्या गोष्टीला नावं ठेवू नयेत.’ आक्का खाली बसल्या आणि सभा पुढच्या विषयावर गेली.

‘निधी आणला’ हे दोन शब्द मी गावोगावी ऐकतो. निवडणुकीच्या सभेत ऐकतो, पारावर ऐकतो, लग्नाच्या मांडवात ऐकतो. ऐकून वाईट वाटतं आणि आता रागही येतो. कारण या दोन शब्दांमुळे आपल्याच पैशाचा हिशेब विचारणारा माणूस कृतघ्न ठरतो. म्हणून हा गैरसमज मुळापासून बघू.

गैरसमज : गावाला मिळणारा निधी आमदार-खासदार आणतात.

वस्तुस्थिती अशी की ग्रामपंचायतीकडे येणाऱ्या पैशाचा मोठा भाग कुणी मागितला म्हणून येत नाही. तो राज्यघटनेतल्या तरतुदीनुसार, ठरलेल्या सूत्राने येतो. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. तिने पंचायतींना घटनात्मक दर्जा दिला आणि अकराव्या अनुसूचीत २९ विषय त्यांच्यासाठी नमूद केले. पैशाशिवाय विषय देऊन उपयोग नव्हता. म्हणून कलम २८० मध्येही भर पडली : पंचायतींना लागणाऱ्या साधनांसाठी काय करायचं, याची शिफारस केंद्रीय वित्त आयोगाने करायची. ज्यांना शंका असेल त्यांनी कलम २८०(३)(खख) उघडून वाचावं. ‘वित्त आयोगाचा पैसा’ म्हणतात तो तिथून सुरू होतो.

१४ व्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या पाच वर्षांसाठी देशातल्या ग्रामपंचायतींना २,००,२९२ कोटी रुपयांची शिफारस केली. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला त्यात वाटाच नव्हता, सगळी रक्कम थेट ग्रामपंचायतींची. १५ व्या आयोगाने २०२१ ते २०२६ साठी ग्रामीण स्थानिक संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपये सुचवले. या वेळी तिन्ही स्तरांना वाटा होता. महाराष्ट्राने तो ८०, १० आणि १० टक्के असा ठरवला : ८० टक्के ग्रामपंचायतीला, उरलेला पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला निम्मा-निम्मा. वाटप करताना लोकसंख्येला ९० टक्के आणि क्षेत्रफळाला १० टक्के वजन. या सूत्रात गावाचा आमदार कोणत्या पक्षाचा आहे, याला जागा नाही.

आता एक ढोबळ हिशेब मांडू. त्याआधीच्या २०२०-२१ या एका वर्षासाठी याच १५ व्या आयोगाने सुचवलेला महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाचा वाटा होता ५,८२७ कोटी रुपये. त्याचे ८० टक्के, म्हणजे सुमारे ४,६६० कोटी, ग्रामपंचायतींचे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्याची ग्रामीण लोकसंख्या सुमारे ६ कोटी १५ लाख. भागाकार केला तर माणशी साधारण ७५० रुपये येतात. दोन हजार वस्तीच्या गावाला वर्षाचे सुमारे १५ लाख. पुढच्या वर्षांत रक्कम कमी झाली, तरी ती लाखांतच राहिली.

याच्या शेजारी आमदारांचा स्थानिक विकास निधी ठेवा. तो वर्षाला ५ कोटी. राज्यात मतदारसंघ २८८, आणि २०११ च्या जनगणनेनुसार एका मतदारसंघात सरासरी ३ लाख ९० हजार माणसं. म्हणजे माणशी १२८ रुपये. सगळ्या गावांना अगदी समान वाटला, तरी दोन हजारांच्या गावाच्या वाट्याला अडीच लाख येतील. तरी गावाच्या तोंडी नाव अडीच लाखांचं असतं, १५ लाखांचं नसतं. कारण अडीच लाखांचा नारळ फुटतो आणि त्याचा फोटो निघतो. १५ लाख हप्त्याहप्त्याने बँकेच्या खात्यात जमा होतात, त्याचा फोटो कुणी काढत नाही.

मग लोकप्रतिनिधींचा काहीच वाटा नाही का? आहे, आणि तो नाकारणं चूक होईल. गावात ज्याला ‘पंचवीस-पंधराचा निधी’ म्हणतात, तो ग्रामविकास विभागाच्या २५१५ या लेखाशीर्षातला. लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या मूलभूत सुविधांच्या कामांसाठीच तो असतो. स्थानिक विकास निधीतली कामंही आमदार सुचवतात, मंजुरी जिल्हाधिकारी देतात. गावाला जोडणारा मोठा रस्ता अर्थसंकल्पात यावा म्हणून पाठपुरावा लागतो आणि चांगला आमदार तो करतो. त्याचं श्रेय त्याला जरूर द्यावं. पण सुचवणं आणि पाठपुरावा करणं हे त्याचं कामच आहे, आणि तो पैसाही सरकारी तिजोरीतलाच, म्हणजे तुमच्या-आमच्या करांचा. शिवाय वित्त आयोगाच्या टाकीवर २५१५ चं श्रेय लावणं ही सरळ चुकीची माहिती आहे.

एवढ्यानेही कुणाला पटत नसेल, तर गेल्या काही वर्षांतला आपल्याच राज्याचा अनुभव बघा. मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका झाल्या नाहीत आणि प्रशासक बसले. वित्त आयोगाची अट स्पष्ट होती : रीतसर निवडून आलेली संस्था असेल तरच अनुदान. त्यामुळे प्रशासकांच्या काळातले जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांचे हप्ते अडकले. त्या काळात आमदार जागेवर होते, खासदार जागेवर होते, मंत्रीही होते. पैसा जर ‘आणला’ जात असता, तर तो का थांबला? थांबला, कारण तो निवडून आलेल्या स्थानिक संस्थेचा हक्क आहे. संस्था नाही, तर हक्कही नाही.

गैरसमज : पैसा आला की सरपंचाला हवं ते बांधता येतं.

‘एवढे लाख आलेत, मग मंदिरासमोर सभामंडप का होत नाही?’ हा प्रश्न सरपंचांना नेहमी ऐकावा लागतो. १५ व्या आयोगाच्या २०२१ पासूनच्या निधीतला ६० टक्के बंधित होता : निम्मा पिण्याचं पाणी, पावसाच्या पाण्याची साठवण आणि पुनर्वापर यांसाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला ४० टक्के अबंधित, पण त्यातूनही पगार आणि आस्थापनेचा खर्च करायचा नाही. सरपंचाला एकट्याने पैसे काढताही येत नाहीत. ईग्रामस्वराज या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर सरपंच आणि ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) दोघांच्या डिजिटल स्वाक्षरीचे डोंगल लागल्याशिवाय रक्कम हलत नाही. म्हणून घोटाळा झाला तर जबाबदारीही दोघांची असते.

गैरसमज : घरपट्टी भरली काय, न भरली काय, वरून पैसे येतातच.

या गैरसमजात गावाचं सगळ्यात मोठं नुकसान आहे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ मध्ये पंचायतराज संस्थांच्या वित्तव्यवस्थेवर अहवाल काढला. त्यानुसार देशातल्या पंचायतींच्या महसुलात स्वतःच्या करांचा वाटा जेमतेम १ टक्क्याच्या आसपास आणि अनुदानांचा सुमारे ९५ टक्के. ज्या घराचा किराणाही दुसऱ्याच्या पैशाने येतो, त्या घराला काय शिजवायचं हे ठरवता येत नाही, तसंच हे. अनुदान अटींसकट येतं. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, बाजार फी यांतून येणारा पैसा ग्रामनिधीत जातो आणि तो कशावर खर्च करायचा हे बऱ्याच अंशी गाव ठरवतं. बऱ्याच अंशी, कारण त्यातलाही ठरावीक हिस्सा मागासवर्गीय, महिला-बालकल्याण आणि दिव्यांग यांच्यासाठी राखून ठेवावा लागतो.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा ग्रामपंचायतीने हे ओळखलं. पूर्ण कर भरणाऱ्या कुटुंबाला पंचायतीच्या गिरणीत दळण मोफत. घरातल्या बाईला रोज दिसणारा हा परतावा आहे. कर कुठे जातो, हे तिथे भाषणात सांगावं लागत नाही. आपल्या गावचा नमुना ८ म्हणजे कर आकारणीचं रजिस्टर आणि नमुना ९ म्हणजे मागणीचं रजिस्टर. एकदा दोन्ही मागून बघा. आपल्या घराची आकारणी किती, थकबाकी कुणाची, हे तिथे उघड लिहिलेलं असतं.

गैरसमज : विकास म्हणजे कमान, पेव्हिंग ब्लॉक आणि हायमास्ट.

खर्च आणि गुंतवणूक यांत फरक आहे. कमान बांधली की पैसा संपला. ओढा अडवला, की त्या पाण्यावर पुढची कितीतरी वर्षं पीक, चारा, दूध आणि मजुरी उभी राहते. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार हे अवर्षणप्रवण गाव. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर तिथे डोंगरउतारावर चर खणले, बंधारे घातले, झाडं लावली. त्यासाठीचा बराच पैसा रोजगार हमीसारख्या सरकारी योजनांचाच होता. त्याच योजना शेजारच्या गावांनाही खुल्या होत्या. फरक ग्रामसभेच्या निर्णयांत होता : शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, उसासारखी पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत, आणि पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद मांडून मगच हंगामाची पिकं ठरवायची. सार्वजनिक पैशाला नियमांची जोड मिळाली म्हणून तिथली विहीर टिकली. पैसा तेवढाच आणि नियम नसते, तर अडवलेलं पाणी दोन उन्हाळ्यांत उपसून झालं असतं.

आणखी काही, थोडक्यात

‘ग्रामसभा नावालाच असते.’ तिला नावापुरती आपण ठेवतो. गावाचा वार्षिक विकास आराखडा तिच्यासमोर यावाच लागतो. गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतली कमी संख्या पुरते.

‘हिशेब हवा तर माहिती अधिकारातच अर्ज करावा लागतो.’ ईग्रामस्वराजवर आपल्या पंचायतीचा आराखडा आणि झालेला खर्च मोबाइलवर बघता येतो. गावातला कुठलाही कॉलेजचा मुलगा दहा मिनिटांत दाखवील.

‘जिल्हा नियोजन समिती म्हणजे पालकमंत्र्यांची समिती.’ पालकमंत्री अध्यक्ष असतात. पण घटनेच्या कलम २४३ यघ प्रमाणे तिचे किमान चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून आले पाहिजेत.

‘आदिवासी गावांना फक्त योजना मिळतात, पैसा नाही.’ पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने तर वनहक्क मिळवून स्वतःचा बांबू विकला आणि ग्रामसभेचं स्वतःचं उत्पन्न उभं केलं.

‘हे सगळं खेड्यापुरतं.’ नगरपालिकांसाठी ७४ वी घटनादुरुस्ती आहे, बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत आणि वित्त आयोगाचा वेगळा वाटाही आहे.

पुढच्या वर्षाचा आराखडा करण्याचं काम दरवर्षी २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतं. त्या ग्रामसभेला जाण्याआधी तीन गोष्टी करा. गावातल्या प्रत्येक कामाजवळची पाटी वाचा आणि पैसा कोणत्या निधीतला, ते वहीत उतरवून घ्या. ईग्रामस्वराजवर त्या कामावर झालेला खर्च बघा. आणि त्या पाटीवरची मंजूर रक्कम व ठेकेदाराचं नाव सभेत मोठ्याने वाचा.

आक्कांना त्या दिवशी खाली बसवलं गेलं, कारण सगळी सभा धरून चालली होती की टाकी कुणीतरी दिलेली आहे. तिच्या पायाशी असलेली पाटी वाचून त्या उभ्या राहिल्या असत्या, तर विचारणं वेगळं झालं असतं : ‘ही टाकी गावाच्या हक्काच्या पाण्याच्या पैशातून झाली. बिल पूर्ण निघालंय. दोन वर्षांच्या आत ती गळते कशी? आणि ठेकेदाराला दुरुस्तीची नोटीस आजच काढायची की नाही?’ या प्रश्नाचं उत्तर सरपंच आणि ग्रामसेवकांना त्याच सभेत द्यावं लागलं असतं. पुढच्या सभेत तो पुन्हा विचारता येईल. टाकी अजून गळतेच आहे.